गेरलिंडेची परकी लाज

झोमरबाखच्या चर्चमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी लहान मुलांचं येशूजन्माचं नाटक व्हायचं. त्या वर्षी सहा वर्षांच्या गेरलिंडे फिस्टरला मेंढीचं काम मिळालं होतं. मेंढीला बोलायचं काही नसतं. अंगावर लोकरीचं कातडं घ्यायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि पाळण्याकडे बघत राहायचं. योसेफ झाला होता न्हाव्याचा मुलगा. त्यानं धर्मशाळेचं दार ठोठावलं, "दार उघडा!" म्हणून ओरडला, आणि तिथंच थिजला. पुढचं वाक्य डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

चर्च शांत. न्हाव्याचा मुलगा बुटांकडे बघतोय, मारिया त्याच्याकडे बघतेय. आणि इकडे मेंढीचे कान भाजल्यासारखे लाल झाले. हे आता थांबलं नाही तर आपण मरणार, असं तिला खरोखरच वाटलं. शेवटी मेंढीनंच तोंड वर करून खणखणीत आवाजात सांगितलं, "माझी बायको दमली आहे हो, रात्रीपुरती जागा द्या!"

"हो, तेच," योसेफ म्हणाला.

सगळं चर्च इतकं हसलं, की पाद्रीबुवांना चष्मा काढून पुसावा लागला. घरी आल्यावर आईनं विचारलं, "अगं, बोलायचं त्याला होतं. तुला मध्येच काय झालं?"

"मला कसंतरी होत होतं."

"कशानं?"

"तो विसरला ना, म्हणून."

"विसरला तो, आणि कसंतरी होतंय हिला!" आई बाबांना म्हणाली. "ह्या पोरीचं काही खरं नाही."

आईचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. गेरलिंडे मोठी झाली तशी ही व्याधीही मोठी झाली. लग्नात कुणी काका हातात पेला घेऊन भाषणाला उभे राहिले, की तिला पायखान्याची आठवण व्हायची. शेजारच्या बाईंनी तोच विनोद दुसऱ्यांदा सांगायला घेतला, की हिच्या तळहातांना घाम सुटायचा. बेकरीसमोर गिऱ्हाइकाची पिशवी फाटून बटाटे रस्त्यावर घरंगळले, तर गिऱ्हाईक हसत हसत वेचायचं आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. स्वतःची फजिती झाली तर तिला एवढं काही वाटत नसे. दुसऱ्याची झाली की मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

आईनं डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि झोपेचे थेंब लिहून दिले. "नाव काय ह्याचं?" आईनं विचारलं. "नाव नाही काही," डॉक्टर म्हणाले, "मुलगी जरा हळवी आहे, इतकंच."

तेव्हा खरंच नाव नव्हतं. जर्मन भाषेत भल्याभल्या मनोव्यथांना लांबलचक शब्द आहेत, पण ह्या एका गोष्टीला तेव्हा अख्खं वाक्य खर्ची घालावं लागायचं: "मला त्याच्यापायी लाज वाटली." आणि वाक्य पुरं होईपर्यंत गेरलिंडे खोलीतून पसारही झालेली असायची.

शिवणकाम शिकून ती गावातल्या नाट्यगृहाच्या कपडेखात्यात लागली. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. जिला फजिती बघवत नाही, ती नाटकात? पण तिला तिथं बरं वाटायचं. पडद्यामागं बसायचं, सुईदोरा हातात, राजाच्या झग्याची शिवण उसवली तर दोन प्रवेशांच्या मध्ये टाके घालायचे. पुढं जे चाललंय त्याची तालीम झालेली असते. माणसं ठरवून रडतात, ठरवून पडतात. ठरवून केलेल्या फजितीला तिचे कान तापत नसत, हे तिला तिथंच कळलं.

जर्मनीत नाटक चालू असताना विंगेत अग्निशमन दलाचा एक माणूस बसवावा लागतो. झोमरबाखला दल स्वयंसेवकांचं, आणि पाळी बहुधा लोथार वायगांडची. लोथार धंद्यानं धुराडी साफ करणारा. काळा कोट, काळी उंच टोपी, खांद्यावर तारेचा ब्रश. असा माणूस रस्त्यात भेटला तर त्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायका त्याला बोट लावून जायच्या. दिवसभर छपरांवर हिंडून तो संध्याकाळी खुर्चीत बसे, शिरस्त्राण मांडीवर ठेवी, आणि पहिला अंक संपायच्या आत त्याची मान छातीवर कलंडे.

एका शनिवारी राणी विष पिऊन मरत होती. सभागृहात रुमाल निघाले होते. राणीनं शेवटचा श्वास घेतला, आणि त्याच्या जोडीला विंगेतून एक लांब, ओला, करवतीसारखा घोरण्याचा आवाज आला. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

राणीच्या झग्यासाठी सुई घेऊन गेरलिंडे तिथंच बसली होती. लोथार सुखानं झोपलेला, आणि त्याच्या वाटची लाज हिच्या गालांवर चढलेली. तिनं मागचापुढचा विचार न करता सुई त्याच्या मांडीत टोचली.

"कुठं लागली आग?" लोथार ताडकन उभा राहून गरजला.

मेलेल्या राणीनं डोळे उघडले. पडदा पाडावा लागला.

नाटक संपल्यावर गेरलिंडे कपड्यांच्या रांगांमध्ये तोंड खुपसून रडत होती. लोथार तिला शोधत आला. हातात कागदात गुंडाळलेले दोन गरम ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेले सॉसेज. राणीची माफी मागून, तिलाही एक खायला घालून आला होता.

"फ्रॉयलाईन फिस्टर, तुम्ही का रडताय? घोरलो तर मी."

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो? अख्खं गाव हसलं!"

"हसलं ना? मग बरंच झालं, दीड तास नुसते रडत होते." तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्हाला माझी लाज वाटली?"

"तुमची नाही. तुमच्या... तुमच्या ऐवजी वाटली."

लोथारनं एक ब्राटवुर्स्ट तिच्या हातात दिला. "हे बघा, मला लाज हा प्रकार जन्मतःच दिलेला नाही. आई म्हणते, देव वाटत होता तेव्हा मी छपरावर असणार. तुमच्याकडे दोघांना पुरेल एवढी दिसतेय. आपलं जमेल."

गेरलिंडेला रडता रडता हसू आलं. पुढच्या द्राक्षांच्या हंगामात त्यांचं लग्न झालं. लग्नात लोथारनं तीन वेळा भाषण केलं.

त्या नाट्यगृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक लाकडी पेटी होती. तिच्यात कमरेइतकं खाली बसून, डोकं वर टोपणाखाली ठेवून, नटांना वाक्यं पुरवणारी बाई बसायची. तेव्हा तिथं लग्न न केलेल्या, वयस्क फ्रॉयलाईन मोट्स होत्या. त्या फार वक्तशीर होत्या, पण कानांनी अधू झाल्या होत्या. नटानं मुद्दाम घेतलेला विराम आणि विसरल्यामुळे पडलेला खड्डा, यातला फरक त्यांना कळेनासा झाला होता. थोरले नट हेर, म्हणजे श्रीयुत, डोलिंगर खिडकीशी जाऊन सुस्कारा सोडत, तर पेटीतून लगेच पुढचं वाक्य येई, तेही तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. आणि खरोखर विसरत, तेव्हा पेटीत सामसूम.

एकदा हेर डोलिंगर असेच अडकले. विंगेत गेरलिंडे त्यांच्या बाहीचं बटण शिवायला थांबली होती. ते अडकायच्या क्षणभर आधीच तिचे कान तापले होते. ते तोंड उघडतात न उघडतात तोच तिनं हलक्या आवाजात पहिला शब्द टाकला. एकच शब्द. हेर डोलिंगरनी तो हवेतल्या हवेत झेलला आणि पुढचं स्वगत असं म्हटलं, की लोकांना वाटलं, काय विराम घेतला!

नंतर दिग्दर्शक हेर फेस्पर तिच्या टेबलाशी आले. "फ्राऊ वायगांड, तुम्हाला कसं कळलं?"

"मला त्यांच्या आधी कसंतरी होतं," ती म्हणाली.

"आणि ते नुसते थांबतात तेव्हा?"

"तेव्हा काही होत नाही. तेव्हा ते मजेत असतात."

फ्रॉयलाईन मोट्सना निवृत्त व्हायचंच होतं. त्यांनी स्वतः गेरलिंडेला पेटीत बसवून दिवा कुठं ठेवायचा ते दाखवलं. "खालून वारं येतं," त्या म्हणाल्या, "लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची पिशवी विसरू नका. नटांचं काय, ते विसरणारच." गेरलिंडे तिथं जी बसली ती कायमची. जिच्यापायी आयुष्यभर पळ काढला, ती गोष्ट आता दर संध्याकाळी कामाला येत होती. आणि पळावंही लागत नव्हतं, कारण फजिती व्हायच्या आधीच तिला तिचा बंदोबस्त करता येत होता. पेटीतून बाहेर येताना ती इतकी खुशीत असायची, की लोथार म्हणायचा, "तू नाटक बघून येतेस की नाचून?"

स्टेजवर देखावे ढकलणारा एउलोखियो नावाचा एक स्पॅनिश माणूस होता. मजुरीसाठी आलेला, झोमरबाखचा झालेला. गेरलिंडेनं आपलं दुखणं त्याला एकदा कॉफीच्या वेळी सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यात काय! आमच्याकडे त्याला शब्द आहे. माझी आजीसुद्धा वापरायची. परक्याची लाज."

"खरंच शब्द आहे?"

"अगदी रोजचा. माझा मेहुणा गिटार काढतो तेव्हा आम्ही सगळे तोच म्हणतो."

गेरलिंडेला स्पेनचा हेवा वाटला. घरी येऊन ती लोथारला म्हणाली, "आपण तिकडं राहायला जाऊया का?" लोथार म्हणाला, "तिकडं धुराडी किती आहेत ते विचार आधी."

त्यांची मुलगी केर्स्टिन मोठी झाली, ऑस्ट्रियात ग्राट्सला नोकरीला लागली, तिथलीच झाली. लोथारनं धंदा सोडला, पण टोपी सोडली नाही. आणि एका डिसेंबरात, रविवारी दुपारी, गेरलिंडे बटाट्याचे गोळे उकळत्या पाण्यात टाकत असताना फोन वाजला.

"आई, बसून घे. तुझ्या दुखण्याला नाव मिळालंय!"

"काय बोलतेस?"

"फ्रेम्डशाम! इथं त्याचं क्रियापद ह्या वर्षाचा शब्द म्हणून निवडलंय. तुमच्याकडच्या मोठ्या शब्दकोशातसुद्धा गेलाय म्हणे."

गेरलिंडेनं पळी खाली ठेवली. फ्रेम्ड म्हणजे परकं, शाम म्हणजे लाज. एउलोखियोचाच शब्द, जर्मन कोट घालून आलेला. तिनं तो दोनदा मोठ्यानं उच्चारून बघितला, नवी चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघावं तसा.

"काय मिळालं म्हणतेय ती?" लोथारनं वर्तमानपत्राआडून विचारलं.

"मला तुझ्यापायी जे होतं ना, त्याला परकी लाज म्हणतात."

"परकी? इतकी वर्षं संसार करून नवरा परका कधी झाला?"

गोळे फुटून पाण्यात विरघळले. दोघांनी नुसता रस्सा आणि कोबी खाल्ला, आणि तरी गेरलिंडे दिवसभर गुणगुणत होती. डॉक्टर तर कधीच वारले होते. नाहीतर ती त्यांना सांगायला गेली असती. केर्स्टिननं पुढं एक लेख वाचून दाखवला. कुठल्याशा विद्यापीठात माणसांना यंत्रात झोपवून दुसऱ्याच्या फजितीची चित्रं दाखवली, तर मेंदूतल्या ज्या जागा दुसऱ्याला दुखताना बघून जाग्या होतात, त्याच जाग्या झाल्या. "म्हणजे ढोंग नव्हतं," गेरलिंडे म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता.

पण शब्द मिळाला तसा तो लोकांच्या तोंडीही पडला, आणि लोक तो कसा वापरतात ते ऐकून ती बुचकळ्यात पडली. बेकरीत दोन पोरी कुणाच्या तरी आखूड पँटकडे बघून खिदळत म्हणाल्या, "ई, फ्रेम्डशाम!" टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धांमध्ये ज्यांना गाता येत नाही अशांनाच मुद्दाम आधी उभं करायचे, आणि घरोघरी सोफ्यावर बसून लोक तोच शब्द मिटक्या मारत म्हणायचे. "अगं, हे तर उलटंच झालं," ती केर्स्टिनला फोनवर म्हणाली. "मला तर त्या माणसाच्या बाजूनं होतं. ह्यांना त्याच्या विरुद्ध होतंय!"

"शब्द तोच आहे, आई. वापरणाऱ्यावर असतं."

पुढच्या वसंतात एका वाहिनीची अशीच स्पर्धा जवळच्या शहरात आली. आणि लोथारनं कुणाला न विचारता नाव दिलं.

केर्स्टिनचा फोन आला तो धापा टाकत, खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात. "आई, त्यांना थांबव! असली म्हातारी माणसं ते मुद्दाम घेतात. टोपी घालून गाणार आहेत ना? अख्खा देश हसेल!"

"हसू दे की," मागून लोथार ओरडला.

"बाबा, तुम्हाला नाही वाटणार काही! आईला वाटेल!"

हे खरं होतं. त्या आठवड्यात गेरलिंडेला धड जेवण गेलं नाही. टोपी लपवावी का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण शुक्रवारी सकाळी न्हाणीघराच्या दारातून तिला लोथार दिसला. तोंडाला साबणाचा फेस, हातात दाढीचा ब्रश, आणि आरशाकडे बघून गळा मोकळा सोडून गात होता. जुनं, धुराडेवाल्यांच्या बैठकीतलं गाणं. सूर दोन ठिकाणी घसरला. पण गडी इतका रंगला होता, की फेस वाळून गालावर चिकटला तरी त्याला पत्ता नव्हता. ह्या माणसाकडून हे काढून घ्यायचं, आणि कशासाठी? तर माझे कान गार राहावेत म्हणून? तिनं कपाटातून त्याचा काळा कोट काढला आणि इस्त्री तापत ठेवली.

शहरातल्या व्यायामशाळेत दिवे, कॅमेरे आणि पाच-सहाशे माणसं. परीक्षक तिघं, सगळे केर्स्टिनहून लहान. त्यातला एक टोपीवाला पोरगा खुर्चीत रेलून म्हणाला, "तर लोथार, तू काय गाणार?"

"धुराडेवाल्याचं गाणं. तुला येतं का? नसेल तर शिकवतो."

लोक हसले. गेरलिंडे चौथ्या रांगेत बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून. लोथारनं टोपी सारखी केली आणि सुरू केलं:

"गावावरती माझं घर, कौलावरती माझे पाय,
खालून विचारी बेकरीण, वरती तुझं जेवण काय?"

आवाज ठणठणीत, पण आजूबाजूला कोपरं ढोसली जाऊ लागली होती. मोबाईल वर निघाले. मागून कुणीतरी तो शब्द उच्चारलाच, आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं खुसखुसत तोंडावर हात धरला. लोथारनं दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला. गेरलिंडेला त्याच्या आधी कळलं. त्याच्याकडे पुढचे शब्द नव्हते.

तिनं पेटीतल्या सवयीनं, ओठांच्या कडेनं शब्द टाकला. "जेवण."

लोथारनं कान पुढं केला. "काय?"

"जेवण माझं..."

"मोठ्यानं बोल, गेरलिंडे! धुराड्यात बसून कान गेलेत माझे, तुला माहीत आहे!"

व्यायामशाळा फुटली हसून. कॅमेरा तिच्याकडे वळला. तिचं अंग भट्टीसारखं तापलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या धगीत तिला पळावंसं वाटलं नाही; उलट रागच आला. एवढी माणसं आहेत, एवढे कान आहेत, आणि ह्या एका माणसाला एक शब्द द्यायला कुणी नाही? ती उभी राहिली. पर्स खुर्चीवर टाकली. आणि सगळी हयात कुजबुजण्यात घालवलेल्या त्या बाईनं पोटातून आवाज लावला:

"जेवण माझं धूर नि वारा, तोंडी लावायला एक तारा,"

"हां, तेच!" लोथार आनंदानं ओरडला आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला:

"पाव तेवढा खालून दे, नाहीतर तूच चढून ये!"

ती गात गात रांगेतून बाहेर आली, पायऱ्या चढली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. लोथार थांबायच्या मूडमध्ये नव्हताच. त्यानं तिचा हात धरला आणि पुढं रेटलं, "बेकरीण आता म्हातारी झाली..."

"...शिडी मात्र तिनंच धरली," गेरलिंडेनं पुरवलं.

"धुरानं माझे डोळे गेले..."

"...तुझे गेले, माझे उरले!"

मागच्या रांगेतल्या कुणा आजीबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला. मग त्यांच्या रांगेनं धरला. मघाशी खुसखुसणारी शेजारीण मोबाईल मांडीवर टाकून टाळ्या वाजवत होती. पाव खालून द्यायची ओळ पुन्हा आली, तेव्हा अर्धी व्यायामशाळा ती गात होती, बऱ्यापैकी बेसूर. टोपीवाल्या पोरानं हात वर करून शांतता मागितली, पण ती मिळायला वेळ लागला.

"लोथार," तो शेवटी म्हणाला, आणि मग जरा थांबून, "हेर वायगांड. तुम्हाला पुढच्या फेरीत नाही घेऊ शकत. खरं सांगायचं तर तुम्ही दोन सुरांत एकाच वेळी गाता."

"दोन? तेवढ्याच पैशांत दोन!" लोथार खूश झाला. "आणि फ्राऊ वायगांडचं काय?"

"फ्राऊ वायगांड," पोरगा म्हणाला, "मला उद्या तीन तास थेट कार्यक्रम करायचाय. तुम्ही माझ्या टेबलाखाली बसाल का?"

"उद्या मला प्रयोग आहे," गेरलिंडे म्हणाली. "आणि तुम्ही विसरत नाही, तुम्ही नुसते घाबरता. त्याला बडीशेपेचा चहा घ्या."

बाहेर येऊन दोघांनी गाडीवरचे ब्राटवुर्स्ट घेतले, भरपूर मोहरी लावून. ऊन पडलं होतं. जाणारे येणारे लोथारच्या कोटाला हात लावून जात होते. केर्स्टिनचे चार फोन येऊन गेले होते. गेरलिंडेनं फोन पर्सच्या तळाशी सारला.

"ते तिसरं कडवं भारी झालं ना?" लोथारनं तोंड भरल्या भरल्या विचारलं. "किती वर्षांनी आठवलं!"

"लोथार, त्या गाण्याला तिसरं कडवं नाही."

तो चावायचा थांबला. "नाही? मग मी काय गात होतो?"

"तू रचत होतास."

"आणि तू पुढचे शब्द देत होतीस ते?"

"काय करणार? तू निघालाच होतास कुठंतरी," ती म्हणाली आणि त्याच्या मिशीला लागलेली मोहरी अंगठ्यानं पुसली. "म्हटलं, आपणही जावं."